शेजारधर्म, किलोमागे 88 रुपये

भारत-बांगलादेश मैत्रीचा भाव वरुड-मोर्शीच्या संत्र्याला विचारा. तो किलोमागे सांगतो. 2019मध्ये वीस रुपयांच्या घरात होता, मग दरसाल पायरी चढत 2023मध्ये 88 रुपयांवर गेला. एवढा आयातकर ढाक्याचं सरकार तेव्हा आपल्या संत्र्यावर वसूल करत होतं. बागेत शेतकऱ्याच्या हातात जे पडतं त्याच्या कितीतरी पट. म्हणजे झाड लावणारा, पाच-सहा वर्षं ते जगवणारा, उन्हाळ्यात विकतचं पाणी पाजणारा, कोळशी आणि फळगळीशी झुंजणारा माणूस एकीकडे, आणि सीमेपलीकडं बेनापोलच्या नाक्यावर शिक्का मारणारा कारकून दुसरीकडे. कमाई शिक्क्याची जास्त.

गंमत पुढंच आहे. या दोन देशांमध्ये मुक्त व्यापाराचा करार आहे!

त्याचं नाव साफ्टा. 6 जानेवारी 2004 रोजी इस्लामाबादेत सह्या झाल्या, 1 जानेवारी 2006पासून लागू झाला. त्याच्या मागं सार्क ही संघटना, जिचा जन्म डिसेंबर 1985मध्ये खुद्द ढाक्यात झाला. सात देशांचे प्रमुख हातात हात घालून फोटोला उभे राहिले होते. नंतर अफगाणिस्तान आला, आठ झाले. फोटो बरेच निघाले. शेवटचा नोव्हेंबर 2014मध्ये काठमांडूला निघाला, त्यानंतर शिखर परिषदच झालेली नाही. पुढची 2016मध्ये इस्लामाबादेत व्हायची होती, उरीच्या हल्ल्यानंतर ती बारगळली. तेव्हापासून सार्क ही सरकारी फळ्यावरची सूचना आहे. कोणी पुसत नाही आणि कोणी वाचतही नाही.

मग करार असताना 88 रुपये कसे? सोपं आहे. साफ्टाला फक्त सीमाशुल्क दिसतं. ढाक्यानं सीमाशुल्काच्या शेजारी नियामक शुल्क बसवलं, त्याच्या शेजारी पूरक शुल्क, वर मूल्यवर्धित कर, वर आगाऊ कर. कराराच्या करकपातीत यांतलं काहीच येत नाही. शिवाय प्रत्येक देशाची एक ‘संवेदनशील यादी’ असते. शेजाऱ्याला खरोखर विकता येईल असं जे काही असेल ते त्या यादीत टाकायचं, उरलेल्या मालावर मुक्त व्यापार. हिमालयाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी एकमेकांना बर्फ विकायची मुभा दिल्यासारखं.

मे 2022मध्ये बांगलादेशला डॉलरची टंचाई जाणवू लागली. त्यांनी शे-सव्वाशेहून जास्त ‘चैनीच्या’ वस्तूंवर नियामक शुल्क लावलं. त्यात सौंदर्यप्रसाधनं, फर्निचर, फुलं, आणि परदेशी फळं. आमचा वरुडचा संत्रा, जो आम्ही पोत्यानं भरतो आणि गर्दीच्या हंगामात रस्त्याकडेला ढिगानं विकतो, तो तिकडं लिपस्टिकच्या पंगतीला बसला. एवढा मान त्याला मंत्रालयातही कधी मिळाला नव्हता.

त्याच सुमारास, जून 2022च्या पहिल्या आठवड्यात, आम्ही इकडं काय करत होतो? रस्ता. अकोला-अमरावती महामार्गावर लोणी ते माना, 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अखंड टाकला आणि गिनेस बुकात नाव नोंदवलं. हाच महामार्ग जुना सहा नंबर. नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत थेट कलकत्त्याला जायचा, आणि तिथून बनगाव-पेट्रापोलचा नाका म्हणजे दुपारची मजल. डांबराच्या बाबतीत दक्षिण आशियाचं एकीकरण पूर्ण झालेलं आहे. माल कुठं अडतो हे डांबर टाकणाऱ्याला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्याचा काही दोष नाही.

जागतिक बँकेचा एक हिशेब आहे. भारतातल्या कंपनीला बांगलादेशशी व्यापार करण्यापेक्षा ब्राझीलशी करणं 15 ते 20 टक्के स्वस्त पडतं. दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के; आग्नेय आशियाच्या आसियान देशांत तो पाव हिश्शाच्या आसपास. ब्राझीलला संत्रा पाठवायचा तरी कसा? तो तर स्वतःच संत्र्याच्या रसाचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार.

आता सरकारचा तोडगा. डिसेंबर 2023मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या धामधुमीत, राज्य सरकारनं जाहीर केलं की बांगलादेशला जाणाऱ्या संत्र्यावरच्या आयातकराचा निम्मा भार आम्ही उचलू. किलोमागे 44 रुपये, एकूण सुमारे 170 कोटींची तरतूद. टाळ्या झाल्या. विदर्भाला न्याय मिळाला वगैरे.

थांबा जरा आणि पैसा कुठून कुठं जातो ते बघा. कर बांगलादेशचा. वसूल ढाक्याच्या तिजोरीत. भरणार कोण? महाराष्ट्राचा करदाता. म्हणजे परभणीचा रिक्षावाला पेट्रोलवर जो कर भरतो, त्यातला काही अंश निर्यातदाराच्या खात्यामार्गे बांगलादेशच्या अर्थसंकल्पात जमा व्हायचा. प्रादेशिक आर्थिक सहकार्याचं याहून थेट उदाहरण सार्कच्या सचिवालयालाही सुचलं नसतं.

वरुडच्या एका ग्रेडिंगच्या शेडमध्ये हा विषय निघाला होता. यंत्राच्या पट्ट्यावरून मेण चढवलेली फळं गडगडत येत होती, मोठा माल एका क्रेटमध्ये, मध्यम दुसऱ्यात, आणि चुरी, म्हणजे लिंबापेक्षा थोडी मोठी फळं, खाली गोणपाटावर. चुरीला पूर्वी बांगलादेशात गिऱ्हाईक होतं. आता ती रसवाल्याकडं जाते, नाही तर उकिरड्यावर. तिथल्या व्यापाऱ्यानं पट्ट्यावरची नजर न हलवता सांगितलं, “भाऊ, अर्धा कर सरकारनं भरला का ढाक्यावाल्याले वाटीन, हे लोक देऊ शकतेत. मंग तो अजून वाढवीन. आमाले पैसा कायले देता, त्याले दोन शब्द बोला ना.”

दोन शब्द बोलायचे तर तोंड हवं. आणि तोंड का नाही, याचं उत्तर नाशिकच्या कांद्यात आहे.

सप्टेंबर 2019मध्ये दिल्लीनं कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. बांगलादेशात कांदा भडकला. आठवडाभरात तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि उद्योजकांच्या सभेत हसत हसत, तेही हिंदीत, म्हणाल्या की मी माझ्या आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगून टाकलंय. निदान बंदीची आगाऊ कल्पना तरी देत जा. सभा हसली. पुढच्याच सप्टेंबरात पुन्हा बंदी, आगाऊ कल्पना पुन्हा नाही. आणि तिसरी बंदी कधी? 8 डिसेंबर 2023. म्हणजे नागपुरात ज्या पंधरवड्यात आम्ही ‘बांगलादेशनं संत्र्यावर कर लावून घात केला हो’ म्हणून गळा काढत होतो, त्याच पंधरवड्यात आम्ही त्यांचा कांदा तोडला होता. धुऱ्यावरच्या भांडणात पहिला दगड कोणी हलवला हे जसं दोन्ही भावांना आठवत नाही, फक्त दुसऱ्याचा आठवतो, तसं हे आहे. ढाक्यातल्या गृहिणीचा आणि वरुडच्या बागायतदाराचा यात काडीचा संबंध नाही. भुर्दंड मात्र याच दोघांना.

शेजाऱ्याला सगळे दरवाजे बंद आहेत असं मात्र समजू नका. एक दरवाजा सताड उघडा आहे. तो अकोल्यात आहे.

अकोल्याची डाळ मिल म्हणजे तुरीच्या व्यापाराचं नाक. देशभरातले दलाल सकाळी आधी अकोल्याचा भाव विचारतात. एमआयडीसीतल्या कुठल्याही मिलच्या गोदामात जा, थप्पी दोन प्रकारची दिसेल. एक गावरान लाल-पांढऱ्या तुरीची, बाजार समितीतून आलेली. दुसरी बंदरातून आलेली, आफ्रिकेची किंवा ब्रह्मदेशाची. ब्रह्मदेशाच्या तुरीला व्यापारात ‘लेमन’ म्हणतात. म्यानमार आपला सख्खा शेजारी, सीमेला सीमा लागून. सार्कमध्ये नाही, पण बिमस्टेकमध्ये आहे. बिमस्टेक ही आणखी एक संघटना, 1997ची. तिनं मुक्त व्यापाराचा आराखडा 2004मध्ये सही केला आणि करार अजून व्हायचा आहे. तुरीला मात्र कराराची वाट बघावी लागली नाही. मे 2021मध्ये दिल्लीनं तुरीची आयात खुली केली, त्याच वर्षी म्यानमारशी दर वर्षी एक लाख टन तूर आणि अडीच लाख टन उडीद घेण्याचा समझोता केला, आणि मग आयातीची मुदत दर वर्षी वाढतच गेली.

याला माझा विरोध नाही. अकोल्याच्या मिलमध्ये हजारो हात काम करतात आणि गावरान तुरीवर बारा महिने मिल चालत नाही. पुण्या-मुंबईच्या वरणाला स्वस्त डाळ लागते, आणि अकोल्याच्या मजुरालाही लागते. शेजाऱ्याकडून तूर घेणं गैर नाही. गैर आहे ते दरवाजाच्या कडीचं वागणं. 2024च्या उन्हाळ्यात तूर क्विंटलला बारा हजारांपुढं गेली, तेव्हा साठ्यावर मर्यादा आल्या, आयात वाढली, दिल्ली रात्र रात्र जागी राहिली. 2025च्या सुरुवातीला नवी तूर बाजारात आली आणि भाव 7,550च्या हमीभावाखाली घसरला, तेव्हा तीच दिल्ली गाढ झोपेत. आयातीची मुदत आणखी एका वर्षानं वाढवली. शेतकऱ्याला भाव मिळतो तो दिवस राष्ट्रीय आपत्ती, आणि मिळत नाही तो दिवस मुक्त व्यापार.

शेजाऱ्यांवर चिडण्याआधी आपल्या घरातला एक किस्सा. 1972पासून पुढची तीसेक वर्षं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. वऱ्हाडच्या शेतकऱ्यानं कापूस फक्त सरकारला विकायचा. हद्दीपलीकडं मध्य प्रदेशात पांढुर्णा किंवा बऱ्हाणपूर, खाली आदिलाबाद. तिथं खासगी व्यापारी रोख पैसे मोजायचा, आणि कित्येकदा जास्त. इकडं चुकाऱ्याची वाट बघत बसायचं. वरुडहून पांढुर्णा म्हणजे तालुक्याच्या गावी जाण्याएवढं अंतर. पण कापसाच्या गाडीनं ती हद्द ओलांडली की तस्करी! आमच्याकडं सोन्याचे तस्कर नव्हते, कापसाचे होते. रात्री निघायचे आणि नाक्यावरच्या शिपायाला ओळखून असायचे. एकाच देशातल्या दोन जिल्ह्यांमध्ये जिथं कापूस जाऊ देत नव्हतो, तिथं दुसऱ्या देशाच्या संवेदनशील यादीवर आम्ही कोणत्या तोंडानं बोलणार?

शेतकरी नेते शरद जोशी यांनी हे त्या काळातच सांगितलं. टपाल खात्यातली नोकरी आणि स्वित्झर्लंडमधल्या बर्नचं जागतिक टपाल संघटनेतलं काम सोडून चाकणला शेती करायला आलेला हा माणूस. बाकी सगळे नेते जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाच्या नावानं बोटं मोडत होते तेव्हा ते उलट म्हणत होते की दारं उघडा, पण दोन्हीकडून उघडा. वऱ्हाडच्या शेतकऱ्यानं त्यांचं म्हणणं डोक्यावर घेतलं. सरकारनं त्यातली निम्मी शिफारस स्वीकारली. कोणती निम्मी, ते वर तुरीच्या परिच्छेदात आलं आहे.

कापसाचा विषय निघालाच आहे तर जरा मागं जाऊ. 1853मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडं गेला तो कर्जाच्या हिशेबात, पण डोळा होता कापसावर. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस लँकेशायरला मिळेना, आणि अमरावती-खामगावच्या बाजारात सोनं वाहू लागलं. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांच्या वहीत वऱ्हाडी कापसाची प्रतच उमरावतीच्या नावानं लिहिली जायची. 1867मध्ये आगगाडी बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. तोवर अमेरिकेतलं युद्ध संपून दोन वर्षं झाली होती आणि भाव कोसळला होता. गाडी वेळेवर न येण्याची परंपरा आमच्याकडं एवढी जुनी आहे. पुढं 1896मध्ये इंग्रजांनी आयात कापडावर साडेतीन टक्के कर लावला, आणि मँचेस्टरला वाईट वाटू नये म्हणून देशी गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच बसवला. याला तेव्हा मुक्त व्यापार म्हणत. बाईसाहेबांच्या राज्यात निदान दोन्हीकडं आकडा तरी सारखा होता!

आज आमचा कापूस लिव्हरपूलला जात नाही. गाठी बांगलादेशात जातात, सूतही जातं. बांगलादेशात कापूस पिकतो तो गरजेच्या मानानं नखाएवढा, पण तयार कपड्यांच्या निर्यातीत चीनच्या खालोखाल नंबर त्यांचा. नोव्हेंबर 2011मध्ये मनमोहन सिंग यांनी मालदीवच्या सार्क परिषदेत अल्पविकसित शेजाऱ्यांसाठी भारताची संवेदनशील यादी 480 वस्तूंवरून 25वर आणली, तेव्हापासून त्यांचे शर्ट-पँट इथं बिनकरानं येतात. त्यामुळे तेल्हाऱ्याचा कापूस चितगावला जाऊन शर्ट होतो आणि अमरावतीच्या कापडबाजारात परत येतो, असं घडू शकतं. घडतही असेल. मला तर हे चांगलंच वाटतं; शेजारी देश एकमेकांच्या मालावर जगतात ते असंच. पश्चिम युरोपातल्या सहा देशांनी 1951मध्ये कोळसा आणि पोलाद एकत्र केलं ते प्रेमापोटी नव्हे. त्यांच्यातल्या जर्मनी आणि फ्रान्सनी त्याआधी एकमेकांची लाखो माणसं मारली होती.

आपण काय केलं? 2025 सालची यादी बघा. 8 एप्रिलला दिल्लीनं बांगलादेशच्या मालाला भारतातून तिसऱ्या देशात जायची सवलत काढून घेतली. आठवड्याच्या आत ढाक्यानं जमिनीवरच्या नाक्यांतून भारतीय सुताला बंदी केली. 17 मेला दिल्लीनं बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरचे सगळे नाके बंद केले. आणायचे तर न्हावाशेवा किंवा कलकत्त्याच्या बंदरातून आणा. नकाशावर बोटभर अंतरावरचा माल आता अख्ख्या द्वीपकल्पाला वळसा घालून मुंबईला उतरू शकतो. पाकिस्तानचं विचारूच नका. मार्च 2021च्या अखेरीस त्यांच्या अर्थमंत्र्यांनी भारतातून साखर आणि कापूस घ्यायला परवानगी दिली, आणि दुसऱ्याच दिवशी, 1 एप्रिलला, त्यांच्याच मंत्रिमंडळानं ती फिरवली. तारीख तरी चपखल निवडली.

इकडं अमरावतीत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क होऊ घातलं आहे. सप्टेंबर 2024मध्ये वर्ध्याच्या सभेतून पंतप्रधानांनी त्याची पायाभरणी केली. हजार एकर, आणि घोषणा पाच ‘एफ’ची: फार्म, फायबर, फॅक्टरी, फॅशन, फॉरेन. पहिला एफ आमच्याकडं आहे, बोंडअळीसकट. दुसरा आहे. तिसरा नांदगाव पेठेच्या रस्त्याला येईल म्हणतात. चौथ्याचं पोरं बघून घेतील. पाचवा एफ ढाका, लाहोर, कोलंबो यांच्या वाटेनं जायला हवा होता, आणि त्या वाटेवर सध्या आम्ही दोघंतिघं आळीपाळीनं काटेरी फांद्या टाकतो आहोत.

आणि मग ऑगस्ट 2025. पहिल्या तारखेपर्यंत बांगलादेशनं अमेरिकेशी बोलणी करून स्वतःवरचा कर 20 टक्क्यांवर आणला. सुटका झाली ती अमेरिकेचा गहू आणि कापूस जास्त घेऊ असं सांगून. त्याच महिन्यात भारतावरचा अमेरिकी कर 50 टक्के झाला. आणि 19 ऑगस्टला दिल्लीनं कापसावरचा 11 टक्के आयातकर काढून टाकला, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे अकोटच्या बाजारात नवा कापूस यायच्या मुहूर्तावर. हमीभाव 8,110 जाहीर झालेला होता. सीसीआयच्या सरकारी खरेदी केंद्रांपुढं गाड्यांची रांग लागली ती याच्या जोरावर, कारण खासगी व्यापारी विदेशी गाठींचा भाव दाखवून खाली मागत होता.

तेव्हा दक्षिण आशियाचं आर्थिक एकीकरण झालं नाही म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. भारत आणि बांगलादेश एकमेकांचा कांदा, संत्रा, सूत, शर्ट अडवतात हे खरं. पण कापूस कोणाचा घ्यायचा यावर आता दोघांचं एकमत झालेलं आहे. चाळीस वर्षांत सार्कला जे जमलं नाही, ते टेक्सासच्या शेतकऱ्यानं घरबसल्या करून दाखवलं.